उडते पाखरू फोटोत कसे येते?

वेडा राघू तुम्ही पाहिला आहे ना? कुणी त्याला बहिरा पोपट म्हणतात. बांधावरच्या बाभळीवर, नाहीतर विजेच्या तारेवर तो बसलेला असतो. अंगाने चिमणीएवढाच, रंगाने हिरवागार, आणि शेपटीतून दोन बारीक काड्या बाहेर आलेल्या. बसल्या जागेवरून तो एकदम सूर मारतो. हवेतल्या हवेत माशी टिपतो आणि गिरकी घेऊन पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो. हे सारे इतक्या झटक्यात होते की त्याचे पंख कधी उघडले आणि कधी मिटले हे आपल्याला सांगता येत नाही.

आता एखाद्या कॅलेंडरवर याच पाखराचा फोटो पाहा. पंख पसरलेले. एकेक पीस वेगळे दिसते. चोचीत धरलेल्या मधमाशीचे पायसुद्धा मोजता येतात. मग मनात येते, हे पाखरू हवेत थांबले होते की काय? का मेलेले पाखरू दोऱ्याने टांगून फोटो काढला?

तसे काही नाही. पाखरू जिवंत होते आणि उडतच होते. आपल्या डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत कसे उतरते, ते पाहू या. त्यात यंत्राची करामत किती आणि माणसाची किती, तेही कळेल.

कवडसा आणि कॅमेरा

कौलारू घरात भर दुपारी कौलाच्या फटीतून ऊन आत येते. जमिनीवर कवडसा पडतो. फट बारीक आणि कशीही वेडीवाकडी असली, तरी कवडसा गोलच पडतो. असे का? कारण कवडसा म्हणजे फटीचा आकार नव्हे. ते सूर्याचे चित्र आहे. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी मुद्दाम पाहा. त्या दिवशी कवडसासुद्धा कोरीसारखा दिसतो.

कॅमेरा म्हणजे असेच एक अंधारे घर, पण लहानसे. पुढे एक भोक असते. त्यात भिंग बसवलेले असते. मागच्या भिंतीवर बाहेरचे चित्र पडते. पूर्वी तिथे फिल्म लावत. आता उजेड टिपणारी एक लहान पट्टी असते. मध्ये असते झडप. खटका दाबला की झडप उघडते, उजेड आत येतो, आणि झडप मिटते. झडप जितका वेळ उघडी तितक्या वेळात समोर जे जे घडले ते सारे एकाच चित्रात जमा होते. सारी गोम इथे आहे.

१८३८ साली फ्रान्समध्ये दागेर नावाच्या माणसाने पॅरिस शहरातल्या एका रस्त्याचा फोटो काढला. रस्ता गजबजलेला होता. गाड्या जात होत्या, घोडे जात होते, माणसे जात होती. पण फोटोत रस्ता ओसाड दिसतो! कारण त्या काळी फोटो घ्यायला काही मिनिटे लागत. जी माणसे चालत होती, ती एका जागी टिकली नाहीत, म्हणून त्यांचे चित्रही टिकले नाही. एक माणूस मात्र फोटोत आला. तो पाय पुढे करून बूट पुसून घेत होता. तेवढा वेळ तो एका जागी उभा राहिला, म्हणून दिसला.

तिथे चालत्या माणसाची ही गत, तर उडत्या पाखराची काय कथा?

सेकंदाचे तुकडे

आता थोडा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घेतली तरी चालेल.

समजा, एक लहान पाखरू सेकंदाला दहा मीटर उडते. हा काही फार मोठा वेग नाही. ताशी ३६ किलोमीटर झाला. रस्त्यावरची मोटारसायकल याहून जोरात जाते. झडप जर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकीच उघडी ठेवली, तर तेवढ्या वेळात पाखरू किती पुढे जाईल? दहा मीटरचा शंभरावा भाग, म्हणजे दहा सेंटिमीटर. चिमणीची सारी लांबी पंधराएक सेंटिमीटर. म्हणजे पाखरू आपल्या अंगाच्या निम्म्याहून जास्त सरकले. फोटोत नुसता फराटा उठेल. ओल्या रंगावरून हात फिरवावा तसा.

झडप सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी उघडली, तर पाखरू एक सेंटिमीटर सरकेल. दोन हजाराव्या भागाइतकी उघडली, तर अर्धा सेंटिमीटर. आता कुठे चित्र बरे येऊ लागले. पण पंखाचे टोक अंगापेक्षा जोरात हलते. अंग नीट येते आणि पंख पुसट येतो. म्हणून लहान पाखरांसाठी फोटोवाले सेकंदाचा तीन हजारावा, चार हजारावा भागही वापरतात. आपल्या डोळ्याचे पाते लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. म्हणजे एकदा पाते लवते तेवढ्यात ती झडप चारशे वेळा उघडून मिटेल, इतकी ही वेळ लहान.

आणि काही पाखरे तर याहून कितीतरी वेगाने जातात. देवळाच्या शिखराभोवती, जुन्या किल्ल्यांच्या तटाशी, पुलाखाली किलबिलाट करत फिरणारी काळी पाकोळी ठाऊक आहे ना? कोयत्यासारखे वाकलेले तिचे पंख. तिचीच जातभाई युरोपात असते. तिचा वेग स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी कॅमेऱ्यांनी मोजला. ताशी ११० किलोमीटरच्या वर भरला. तोही खाली झेप घेताना नव्हे, सरळ उडताना.

घोडा आणि बंदूक

ही झडप एका दिवसात इतकी चपळ झाली नाही. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या फोटोवाल्याने धावत्या घोड्याचे फोटो काढले. धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडले. घोडा पुढून गेला की एकामागून एक कॅमेऱ्याचा खटका पडे. तोवर लोकांचा वाद चालला होता, की धावताना घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात की नाही. फोटोत दिसले, की सुटतात.

हे फोटो फ्रान्समधल्या मारे या शास्त्रज्ञाने पाहिले. त्याला ध्यास होता पाखरांचा. पाखरू उडते म्हणजे नेमके काय करते, पंख कसा खाली येतो, कसा वळतो, हे त्याला जाणून घ्यायचे होते. पण घोडा आखल्या वाटेने धावतो. पाखरू थोडेच आपल्या कॅमेऱ्यांच्या ओळीपुढून जाणार! तेव्हा १८८२ साली मारेने एक बंदूक बनवली. बंदुकीसारखाच दस्ता, तशीच नळी, तसाच घोडा. पण आत गोळी नाही, फोटोची काच! नळी पाखरावर रोखायची, घोडा ओढायचा, की एका सेकंदात बारा फोटो निघत. प्रत्येक फोटोला सेकंदाचा ७२० वा भाग लागे.

समुद्रावरच्या पाखरांवर त्याने ही बंदूक रोखली. त्या काळी पाखराचा अभ्यास करायचा म्हणजे बहुधा आधी ते मारायचे, अशी रीत होती. या बंदुकीने पाखरू मरत नव्हते. ते आपल्या वाटेने निघून जाई आणि त्याच्या पंखांची बारा चित्रे माणसाच्या हाती राहत. मला विचाराल तर त्या सबंध काळातली ही सगळ्यात शहाणी बंदूक.

उजेडाची घागर

झडप चपळ केली की सगळे झाले, असे मात्र नाही. इथे एक अडचण येते.

नळाखाली घागर लावली आहे. ती भरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या विसाव्या हिश्शाइतकाच वेळ नळ उघडा ठेवला, तर घागर किती भरेल? विसावा हिस्सा. फोटोचेही तसेच आहे. झडप थोडा वेळ उघडली की उजेड थोडा येतो आणि फोटो काळा पडतो.

मग करायचे काय? एक तर नळ जाड लावायचा. म्हणजे भिंग मोठे घ्यायचे. फोटोवाल्यांच्या खांद्यावर तोफेसारखी भिंगे दिसतात, ती याचसाठी. आणि त्यांची किंमत ऐकलीत, तर बैलजोडी त्यापुढे स्वस्त वाटेल. दुसरा उपाय म्हणजे थोड्या उजेडात काम भागवायचे. आजच्या कॅमेऱ्यात तशी सोय असते, पण मग चित्र रवाळ दिसते. तिसरा उपाय बिनपैशाचा. ऊन चांगले असेल तेव्हाच फोटो काढायचा. सकाळी ऊन वर आले की दोन तास आपल्या पाठीशी सूर्य घेऊन उभे राहायचे. दुपारी सूर्य डोक्यावर येतो, पाखराच्या पोटाखाली सावली पडते, आणि आभाळापुढे पाखरू कोळशासारखे दिसते.

रानात अंधार असेल, तर विजेचा लखलखाट वापरतात. अमेरिकेत एजर्टन नावाच्या इंजिनिअराने असा दिवा तयार केला, की तो क्षणाच्या क्षणापुरता चमके. १९३०-४० च्या सुमारास त्याने त्या दिव्याने हमिंगबर्ड या पाखरांचे फोटो काढले. ही पाखरे आपल्याकडे नाहीत, ती अमेरिका खंडातच असतात. आपल्या अंगठ्याएवढी, आणि सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारणारी. डोळ्याला पंखाच्या जागी नुसता धूर दिसतो. पण दिवा इतका कमी वेळ चमकला, की पंख जागच्या जागी थिजल्यासारखा फोटोत उतरला.

माळ्यावरचे शहाणपण

इथवर यंत्राचे झाले. पण भारी कॅमेरा घेऊन गेलेला माणूसही दिवसभर नुसते रिकामे आभाळ टिपून परत येतो, असे पुष्कळदा घडते. का?

पाखरू डोळ्यांनी पाहिले, मेंदूला कळले, बोटाने खटका दाबला. एवढ्यात सेकंदाचा पाचवा भाग जातो. तेवढ्यात आपले पाखरू दोन मीटर पुढे गेलेले असते! जिथे पाहिले तिथे ते नसतेच. शिवाय लांबच्या भिंगाला एक खोड असते. त्यातून ठरावीक अंतरावरचेच नीट दिसते. त्याच्या पुढचे आणि मागचे पुसट होते. आठेक मीटरवरचे पाखरू मोठ्या भिंगातून पाहिले, तर हा नीट दिसणारा पट्टा वीतभरही नसतो. त्या वीतभर जागेत पाखरू यावे आणि त्याच क्षणी झडप उघडावी, असा हा मेळ आहे.

तो मेळ यंत्रापेक्षा माणसाच्या ओळखीने जास्त जमतो. ज्याने जोंधळ्याच्या माळ्यावर बसून पाखरे राखली आहेत, त्याला हे सांगायला नको. थवा कोणत्या बाजूने येतो, कधी येतो, कुठे टेकतो, हे त्याला पाठ असते. गोफण मारताना तो दगड पाखराच्या अंगावर नव्हे, त्याच्या पुढे टाकतो. फोटोवालाही तेच करतो. पाय रोवून उभा राहतो, कमरेतून वळतो, पाखराबरोबर कॅमेरा फिरवत नेतो, आणि खटका दाबल्यावरही फिरवणे थांबवत नाही.

वेड्या राघूचेच घ्या. तो परत त्याच फांदीवर येतो, ही त्याची सवय. मग आभाळात त्याच्या मागे कशाला धावायचे? फांदीच्या जरा पुढे भिंग जमवून ठेवायचे आणि वाट पाहायची. पाखरू उतरते ते वाऱ्याकडे तोंड करून. उफणणीला उभे राहताना तुम्ही वारा पाहताच. तसाच इथेही पाहायचा. वारा फोटोवाल्याच्या पाठीकडून असेल, तर पाखरू उतरताना तोंड त्याच्याकडेच करते. समोरून असेल, तर फोटोत नुसती शेपटी येते.

उडण्याआधीही पाखरू खूण देते. अंग आवळते, पुढे झुकते, पुष्कळदा शीट टाकते. ही खूण पाहूनच बोट हलले पाहिजे. पंख उघडलेले दिसल्यावर दाबाल, तर फांदीचा फोटो मिळेल.

भिंगरीची तऱ्हा वेगळी. ती फांदीवर फारशी बसत नाही. पण तळ्यावर पाणी प्यायला येते ती उडत उडतच, चोच पाण्याला लावून. अशा वेळी ती पुन्हा पुन्हा एकाच वाटेने येते. पाच-सहा फेऱ्या नुसत्या पाहिल्या, की ती वाट समजते. आणि पाकोळीसाठी किल्ल्याचा कडा बरा. समोरून जोराचा वारा असला, की वाऱ्यावर चढणारी पाकोळी जमिनीवरून पाहणाऱ्याला हळू गेल्यासारखी दिसते. तेवढी सवड पुरते.

आजच्या काही कॅमेऱ्यांत नवी सोय आली आहे. ते पाखराचा डोळा आपणहून ओळखतात. सेकंदाला वीस-तीस फोटो काढतात. काही तर खटका दाबण्याच्या आधीचा अर्धा सेकंदही साठवून ठेवतात. म्हणजे माणसाच्या हाताचा उशीर भरून निघतो. काम सोपे झाले खरे. पण पाखरू कुठे येणार, हे अजून कॅमेऱ्याला कळत नाही.

बिळापुढचा माणूस

पाखरू परत त्याच जागी येते, हे कळले, की माणसाला मोह होतो. सगळ्यात खात्रीची जागा कोणती? घरटे! पिलांना चारा घेऊन आई-बाप दिवसभर येत-जात राहतात. तिथे बसले, की फोटोच फोटो.

इथेच घात होतो. वेडा राघू ओढ्याच्या दरडीत, मुरमाच्या खाणीत, मातीत खोल बीळ करून अंडी घालतो. उन्हाळ्यात पिले असतात. कुणी माणूस त्या बिळापुढे कॅमेरा लावून बसला, तर राघू चोचीत माशी धरून जवळच्या तारेवर बसून राहतो. ओरडतो. शेपटी हलवतो. पण बिळात शिरत नाही. माणसाला वाटते, वा, काय छान बसला आहे! आणि आत पिले उपाशी असतात. चोचीत भक्ष्य आहे आणि पाखरू बिळात जात नाही, असे दिसले, की समजावे, आपण फार जवळ आलो आहोत. तिथून उठावे. फोटो न मिळाला तरी चालेल.

पूर्वी काही फोटोवाले घरटे नीट दिसावे म्हणून भोवतीच्या फांद्या कापत. पाला गेला, की ऊन थेट पिलांवर येते. कावळ्याला आणि मुंगसाला वाट मोकळी होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपाखरांची अंडी किंवा घरटी विसकटणे हे शिकारीतच धरले आहे. बंदूक हातात नसली, म्हणून शिकार झाली नाही असे नाही.

पुणे जिल्ह्यात भिगवणजवळ उजनी धरणाचे पाणी पसरलेले आहे. हे धरण १९८० साली पुरे झाले. हिवाळ्यात तिथे दूरदूरची पाखरे उतरतात. रोहित येतात, सुरय येतात, उत्तरेकडून भिंगऱ्या येतात. तिथल्या मासेमारांना पाण्याची आणि पाखरांची जन्माची ओळख. आता त्यांतले काही जण फोटोवाल्यांना नावेतून फिरवतात. त्यातून चार पैसे मिळतात. कोणते पाखरू कोणत्या वेळी कुठे असते, हे पुस्तकात नसते, ते त्यांना ठाऊक असते.

कधी एखादा हौशी पाहुणा म्हणतो, “मामा, नाव जरा थव्यात घाला ना! उडाले पाहिजेत.” हजारो कोस उडून आलेली पाखरे पोटासाठी आणि विसाव्यासाठी तिथे उतरलेली असतात. दिवसातून दहा वेळा त्यांना उठवले, तर ती खाणार कधी? तेव्हा नाव दुरून उभी करून, “थांबा साहेब, ती आपणहून उडतील,” असे सांगणाऱ्या नावाड्याचे ऐकावे. त्याच्या त्या थांबण्यावर पाखरांचे पोट आहे, आणि पुढच्या हंगामात त्याचे स्वतःचेही.

तुमच्या मोबाइलमध्ये

मोठा कॅमेरा आपल्याजवळ नाही. पण मोबाइल पुष्कळ घरांत आहे. मोबाइलने लांबचे उडते पाखरू टिपायला जाऊ नका. ठिपका दिसेल. त्याचे भिंग लहान आणि आखूड असते. मात्र पुष्कळ मोबाइलमध्ये ‘स्लो मोशन’ नावाची सोय असते. ती शोधून काढा. सापडली नाही, तर घरातल्या शाळकरी पोराला विचारा. त्याला नक्की ठाऊक असेल. या सोयीने कुठे सेकंदाला १२०, कुठे २४० चित्रे निघतात, आणि पाहताना ती सावकाश दिसतात. २४० चित्रांची सोय असली, की एका सेकंदाचे सुमारे आठ सेकंद होतात.

अंगणात झाडाखाली, पण सकाळचे ऊन येईल अशा जागी, परळात पाणी ठेवा. चार-आठ दिवस नुसते ठेवा. चिमण्यांना, साळुंक्यांना ती जागा ओळखीची होऊ द्या. मग एके दिवशी परळापासून दोन हातांवर एक दगड ठेवा आणि त्याला टेकवून मोबाइल उभा करा. सूर्य मोबाइलच्या मागे असावा. चालू करा आणि घरात या. पाखरे पहिल्यांदा बिचकतील, मग येतील. भर उन्हात मोबाइल फार वेळ ठेवू नका, तो तापून बंद पडतो. आणि गावात वानरे असतील, तर दारातून लक्ष ठेवा!

मग जे निघेल ते पोराबाळांना घेऊन सावकाश पाहा. चिमणी पाणी पिते, मान वर करते. कुठेतरी भांडे पडते आणि ती उडते. आपल्याला वाटत आले आहे, की ती पंख मारून वर उठते. चित्रात तसे दिसत नाही. आधी ती वाकते. मग तिचे पाय काडीसारखे ताठ होतात आणि ती बेडकासारखी उडी मारते. अंग हवेत उचललेले असते, आणि मग पंख पहिल्यांदा खाली येतात.